स्थावर-जंगम

विक्टोरियाहून सकाळची बोट, मग कुणाच्या तरी पिकअपमध्ये मागे,
मग दालचिनीच्या झाडीतून चालत.
हातात कंपनीचा फॉर्म. त्याला दोन रकाने:
डावा स्थावर, उजवा जंगम.
साहेब म्हणाले होते, शेवटच्या बोटीपर्यंत भर आणि ये,
गिऱ्हाईक मंगळवारी उतरतंय.

ओदील पायेत फाटकापाशी उभी.
फाटक म्हणजे नुसते दोन दगडी खांब,
बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्लेल्या.
पायांत रबरी बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा
आणि एकाही दाराला कुलूप नाही.
"लिहा," म्हणाली, "तुमच्याआधी तिघे लिहून गेलेत."

लिहिलं. घर लाकडी, खोल्या नऊ,
पत्रा तांबडा, दोन ठिकाणी आभाळ.
खोबरं वाळवायची भट्टी, बंद.
तिच्या तोंडाशी वाकून ओदीलने खोल श्वास घेतला,
"बापाचा सदरा असाच यायचा."
हे कुठल्या रकान्यात, ते कळलं नाही.
माड एकशे चाळीस, तिच्या शब्दावर.
नीरफणस सात. विहीर एक, मचूळ.
टाकामाकाच्या सावलीत होडी उलथी,
तिच्याखाली कोंबडी अंडी उबवत.
होडी जंगम. आणि कोंबडी?
"एकवीस दिवस स्थावर."

मग किनारा.
जाहिरातीतला फोटो माझ्या खिशात होता:
पिठासारखी वाळू, चारशे मीटर, एक पाऊलसुद्धा न उमटलेलं.
समोर काळे कातळ, कुजकं शेवाळ,
आणि लाटा थेट माडांच्या मुळांत.
मी फोटो उलटा धरून पाहिला.

"तो डिसेंबरातला. मे लागला की आग्नेयेचा वारा
वाळू उचलून नेतो टेकाडापलीकडे, लाब्लाशांच्या दारात.
वायव्येचा सुटला की आणून टाकतो.
ते पावती देत नाहीत, आम्ही मागत नाही."

आज शुक्रवार, जुलैचा दुसरा आठवडा.
मी किनारा डावीकडे लिहिला, खोडला,
उजवीकडे लिहिला. तिथेही शाई फुटली.

परतताना वाटेत कासव आडवं.
बैलगाडीचं चाक आडवं टाकावं एवढं,
पाठीवर पांढऱ्या रंगात, पुसट: ६३.
"हे लिहितात का?"
"लिहितात की. एक नग."
ती खाली बसून त्याची मान खाजवू लागली,
मान लांबत गेली, डोळे मिटत गेले.

"आमच्यात मुलगी झाली की कासवाचं पिल्लू आणायचे.
दोघं बरोबरीने वाढायची.
लग्नाच्या दिवशी मुलगी चर्चात, कासव पातेल्यात.
आईने मसाला वाटून ठेवला होता.
मारीस आला नाही. सेशेल्स सोडून बोटीवर लागला,
मोंबासाहून एक पत्र, त्यात छत्रीबद्दल चार ओळी."
हसली. "माझं फिसकटलं ते याच्या पथ्यावर पडलं.
माझे गुडघे गेले. याचं अजून निम्मंही झालं नाही."

मी पेन काढलं. तेव्हा दिसलं:
कासवाच्या पुढ्यात एक पिकलेली बिलिंबी,
तिच्यापुढे हातभर अंतरावर दुसरी,
मग तिसरी, गवतातून, विहिरीला वळसा घालून,
पार हद्दीच्या दगडाकडे.
दगडापलीकडे लाब्लाशांची जमीन.
"रोज किती चालतं?"
"भूक असेल तेवढं," ओदील म्हणाली,
माझ्याकडे न बघता, किल्ल्या उगाच मोजत.
"शनिवार, रविवार, सोमवार. होईल."

बोटीचा भोंगा वाजला.
फॉर्मवर सही झाली, तिची ठसठशीत, माझी घाईची.
जंगमच्या रकान्यात होडी एक,
खुर्च्या अकरा, शिलाई मशीन नादुरुस्त.
त्याखाली एक ओळ मी कोरी सोडली.

दगडापाशी पोचलो तर शेवटची बिलिंबी
अलीकडेच पडली होती, वीतभर.
मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.
उचलली, आणि पलीकडे ठेवली.