सातवं वळण

उंची तीन फूट, पाइप दीड इंची,
दर सहा फुटांवर एक खांब.
मला हे पाठ आहे,
गेल्या मार्चभर आमच्याकडे जेवताना
दुसरा विषय नव्हता.

अंबडच्या शेडमधून टेम्पो भरभरून गेले हे कठडे
आग्रा रोडवरच्या या पार्कात,
आणि आज, मेच्या दुसऱ्या रविवारी,
आम्ही तिघं त्यांच्या आत उभे आहोत.
तिकीट काढून. पास कोण देतंय?

गेटवर पिशवी उघडायला लावली.
चिवडा गेला, दशम्या गेल्या,
काकडी तेवढी टॉवेलच्या घडीत वाचली.
भाड्याचा नायलॉनचा पोशाख,
माझ्या अंगावर कुणा दुसरीच्याच खांद्यांचं माप.

पुढे चांदवडचं अख्खं वऱ्हाड, नवरदेवासकट,
मागे इंदिरानगरच्या भिशीच्या बायका.
लाटांच्या तलावात भोंगा वाजतो
तेव्हा रांग टाचा उंचावून तिकडे बघते,
पुढे मात्र सरकत नाही.

सिंहस्थातल्या गर्दीला निदान नदीची दिशा असते.
ही गर्दी नुसती वळते.
तोच टकला माणूस, तोच त्याचा हिरवा टॉवेल
पाच वेळा समोरून जातो,
पाचव्या वेळी आम्ही हसतो
नात्यातले असल्यासारखे.

ह्यांचा हात कठड्यावरून फिरत असतो.
"हा जॉइंट युनूसचा.
हा माझा, बघ, मणी कसे सारखे पडलेत.
हा घाईतला, लाइट जाणार होती त्या दिवशी."
मागची बाई विचारते, काय शोधताहेत?
काही नाही, मी म्हणते, सवय आहे.

तेवढ्यात एक उंच पोरगा
कठड्यावर हात टेकून पलीकडे,
त्याच्यामागे चार.
रांग एका आवाजात शिव्या देते.
हे तेवढे गप्प. कान देऊन ऐकताहेत,
खांब हलला का.
नाही हलला.
माझ्याकडे असे बघतात
जशी पोरगी वर्गात पहिली आली.

दीड तासानं जिना.
जिन्याच्या तोंडाशी प्लायवुडचा जिराफ,
त्याच्या मानेवर लाल रेघ.
हर्षाली ताठ उभी राहते, श्वास ओढून.
अंबाडा मी मुद्दाम उंच बांधलेला,
शिट्टीवाल्या पोरानं तो तळहातानं दाबला.
दोन बोटं कमी.
त्याचे डोळे क्लोरिननं लाल,
त्याला तरी काय बोलायचं?
ती रडली नाही. जिराफाकडे बघत म्हणाली,
"पप्पा, हा पण तुम्हीच केला?"
"नाही," हे म्हणाले. फार पटकन.

आता एवढी माणसं उलटी कशी कापायची?
"सातवं वळण," हे म्हणाले.

तिथे कठड्यात एक फाटक आहे
कठड्यासारखंच दिसणारं, कडी खालच्या अंगाला.
नकाशात नव्हतं.
ठेकेदारानं विचारलं होतं, हे कशाला?
कुणाला मधूनच परत जावंसं वाटलं तर?
त्यानं साडेतीनशे कापून घेतले.
मला हे आज कळतंय.
मार्चभर जेवताना
एवढंच सांगायचं राहिलं होतं.

कडी गंजलेली, एकदाही न उघडलेली.
ह्यांनी तळव्यानं दोनदा ठोकली, तेव्हा सुटली.
आमच्यामागून चक्कर आलेले एक आजोबा बाहेर पडले,
मग कडेवर झोपलेलं पोर घेतलेली एक बाई.
मग ह्यांनी कडी लावली,
लागते का ते हलवून पाहिलं.

टाकीच्या सावलीत काकडी खाल्ली. मीठ नव्हतं.
हर्षाली ओल्या बोटानं फरशीवर
रांगेची वळणं काढत होती,
पाचव्यापर्यंत पोचेतो पहिलं वाळायचं,
ती पुन्हा पहिल्यापासून.

सहा वाजता लॉकरच्या रांगेत.
इथले कठडे दुसऱ्याच कुणाचे तरी.
हलत होते.
हे त्यांना हात न लावता उभे राहिले.