र्‍हाना

आमच्या साली तासगावात रेहानांचं पीक आलं होतं.
शिकलगारांची मी, तांबोळ्यांची एक,
मुलाण्यांच्या दोघी, चुलत चुलत,
आणि पोस्टातल्या जमादारांची, जिचे केस तपकिरी.
पाटणेबाई हजेरीला नुसतं "रेहाना" म्हणाल्या
की पाच "हजर" एकदम.
शेवटी बाईंनी आम्हाला आकडे दिले.
अजूनही भाजीबाजारात कुणीतरी ओरडतं,
"ए तीन नंबर!"
आणि मी वळते.

नाव कुणी ठेवलं, विचारलं तर
अब्बा धारेचं चाक न थांबवता म्हणाले,
बेदाण्याच्या ट्रकवर मागं लिहिलेलं होतं,
लाल अक्षरात. वाचायला बरं वाटलं.
आणि अर्थ?
"आसंल की कायतरी."
छाटणीच्या कात्रीची धार त्यांनी अंगठ्यावर बघितली.
द्राक्षवाले दारात रांगेनं उभे होते,
तेव्हा अर्थाला कुणाला सवड होती.

अर्थ कळला चाळिशीत,
सांगलीला, गणपती पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात.
पावतीवर नाव लिहिताना म्हातारा हसला,
"तुमचंच नाव घेऊन चाललाय, पावशेर."
पुडीत सबजा होता.
अरबीत रैहान म्हणजे सुवासाचं पान, म्हणाला,
वाळूत राहणाऱ्यांनी हिरव्याला मारलेली हाक.
किताबात तो शब्द दाण्याच्या शेजारी येतो,
आधी टरफलासकट दाणा,
मग हा वास.

एसटीत पुडी मांडीवर होती.
कवठे एकंद मागं पडलं तेव्हा आठवलं,
आईच्या कबरीवर मामूंनी सबजा लावलाय.
म्हणजे इतकी वर्षं
तिच्या उशाशी माझं नाव उगवत होतं, वाळत होतं,
स्वतःच बी टाकून परत उगवत होतं,
आणि मी कुंपणाबाहेर,
चपला न काढता उभी.
आमच्यात बायका आत जात नाहीत.

हौसाक्काला सांगितलं. माहेरी भिंतीला भिंत त्यांची.
"सबजा? त्यो सरबतातला?
मंग तुळशीची भन की गं तू."
थोडं थांबून,
"पर चुलत."

कागदावर मात्र मी निराळीच उगवते.
रेशनकार्डावर रेहाना, आधारवर रिहाना,
एका मतदारयादीत रहाणे, पुरुष, वय चौतीस.
त्या रहाण्यांनी मत दिलं असेल,
मला नाही देता आलं.

परवा नात झाली, कराडला.
सुनेनं मोबाइलवर नावं काढली,
इनाया, आयरा, अनाबिया,
प्रत्येकापुढं अर्थ, प्रत्येकापुढं किती जणांना आवडलं.
मी सहज म्हटलं, माझं बघ की.
तिनं बघितलं. निघालं, बरंच खाली.
"छान आहे, अम्मी. पण आता कुणी ठेवत नाही."
खरंच आहे. पाचातल्या दोघी तर गेल्यासुद्धा.
मी सबजा भिजत घातला.
दाण्यादाण्याभोवती पांढुरकं बुळबुळीत कडं आलं,
मधे काळं बुबुळ,
वाटीभर डोळे माझ्याकडं बघत राहिले.
अनाबियाच ठेवलं. म्हणायला जीभ वळते आता.

येताना तासगावला उतरले.
हौसाक्का खाटेवर. लेकाला भाऊ म्हणतात,
सुनेला पाहुणी, आरशाला दार.
मी ओळख दिली नाही. उगाच घोळ.
पाणी पाजलं, लुगड्याचा पदर सारखा केला,
शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले,
तर हात धरला आणि म्हणाल्या,
"र्‍हाना."

आयुष्यभर त्यांनी मला असंच हाकारलं,
रेहाना त्यांच्या तोंडात कधी मावलं नाही.
आता नाव घेतलं, की थांब म्हणाल्या,
काही कळलं नाही.

गाडीचा हॉर्न वाजला चौकात.
मी खाटेवर परत टेकले.