रा

माग बंद पडला तसा गाजुलांचा नरहरी भिवंडीला गेला,
जाताना पिंजरा माझ्या दारात ठेवून.
हिरवा, छाती राखाडी, शर्टावर राख सांडल्यासारखी.
म्हणाला, वहिनी, लई शहाणाय पोपट.
फक्त चावतो.

फक्त.

पहिल्या आठवड्यात अंगठा, मग तर्जनी,
मग परत अंगठा, अगदी त्याच जागी.
दिवसाला आठ डझन टॉवेलच्या कडा मारते मी.
रक्ताचा थेंब पडला की तो पीस बाद,
पैसे माझ्या मजुरीतून.

विडी घरकुलात सल्ल्यांना तोटा नाही.
चोचीवर टिचकी मार. तोंडावर फुंकर मार.
टिचकी मारून पाहिली एकदा.
दोन दिवस तो वाटीमागून बाहेर आला नाही,
आणि मला माझ्याच बोटाची लाज वाटली.
ओरडून पाहिलं, तर ओरडणंच शिकला.
भर दुपारी, चव्वेचाळीस डिग्रीत, गल्ली झोपलेली,
आणि पिंजऱ्यातून माझाच आवाज,
"आई गंऽऽ"

पण चावण्याआधी तो एक शब्द म्हणायचा.
रा.
घशातून, आखूड, दोरा तुटल्यासारखा.
मला वाटे, राहा म्हणतोय बिचारा,
मालक गेला, निदान तू तरी राहा.
माझ्या डोळ्यांत पाणी, हात अजून आत,
आणि मग रक्त.

यादम्मा विड्या वळत बसलेली, सूप मांडीवर.
ती म्हणाली, काय करलालीस गं,
रा म्हंजे ये. आमच्या तेलुगूत.
नरहरी रोज संध्याकाळी दोन्ही हातांत टॉवेल धरायचा,
रा रा रा करत कोपऱ्यात गाठायचा त्याला,
गुंडाळून पिंजऱ्यात कोंबायचा.
एवढं सांगून तिनं पुढचं पान कापायला घेतलं.

मी खांद्याकडे पाहिलं. टॉवेल.
मांडीवर टॉवेल, भिंतीला लागून गठ्ठे,
कोपरापर्यंत हातांवर पांढरी लव.
मी घर समजत होते ते.

आता पिंजरा उघडण्याआधी हात धुते,
खांदा मोकळा करते, गठ्ठ्यावर चटई टाकते.
चावा सगळ्यात शेवटी येतो, हे उशिरा कळलं.
त्याआधी तो पिसं अंगाशी चापून घेतो,
मान ताणतो, एक पाय मागे सरकवतो,
चोच जराशी उघडून तशीच ठेवतो.
तेवढं दिसलं की मी थांबते.
हात हिसकत नाही, पुढेही नेत नाही,
जमिनीवर बसून शेंगा सोलते, आपल्याशीच.
पहिला दाणा त्यानं भिरकावला.
दुसरा पण.
कितवा खाल्ला ते मोजलं नाही,
त्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस माल मोजत होता.

आता बोटावर बसतो. म्हणजे बसतो कधीकधी.
परवा घाईत खांद्यावरचा टॉवेल काढायचा राहिला,
त्यानं अंगठा धरला, दाबला,
आणि सोडून दिला. माझ्याकडे बघत राहिला.
जुन्या खुणेवर नुसती लाल रेघ.
चूक माझीच होती. तसं त्याला सांगितलंही.

काल रात्री नरहरीचा फोन.
तिकडं पाऊसपाणी कसं, खोलीत किती जण, एवढं झालं,
मग म्हणाला, वहिनी, माझी आठवण काढतो का हो तो?
जरा फोन धरा त्याच्यापाशी.
धरला.
रा, म्हणाला नरहरी. रा रा, बंगारम, रा.
गळा भरून आलेला त्याचा.

पिंजऱ्याच्या पार पलीकडच्या गजांना चिकटून
पिसं चापलेली, मान ताणलेली, एक पाय मागे.

मी फोन पदराखाली घेतला.
म्हटलं, नरहरीभाऊ, आवाज येत नाही,
इथं रेंज नाही.