एका डब्याचा फरक

भुसावळचं ऊन, पारा पंचेचाळीस.
शाळा एका मोबाईलमध्ये, मोबाईल चार्जिंगला.
सकाळी सतराच्या पाढ्यावरून हितेशला मारलं.
स्क्रीनमधल्या बाईंना दिसलं असेल का,
हा विचार आधी आला.
त्याचा गाल नंतर.

परवा भिंतीपलीकडे पुष्पलता वहिनी रडत होत्या,
पोरीला न्हाणीत कोंडलं म्हणून.
मी म्हटलं होतं, "असू द्या वहिनी,
वर्ष झालं, तुम्हीपण कोंडलेल्याच की."
किती सहज म्हटलं होतं.

रात्री कूलरमध्ये बादली ओतताना
तेच वाक्य खळखळत परत आलं.
समोर वहिनी नव्हत्या,
मीच होते, ओल्या गाऊनमध्ये.
ऐकून घेतलं,
जरा ओशाळून.

मग गच्चीवर गेलो. यार्डातून मालगाडी निघाली.
हितेश डबे मोजत बसला
माझ्या मांडीला टेकून.
सकाळचाच हात त्याच्या केसांत.
"एकोणसाठ!"
माझे अठ्ठावन्नच भरले होते.
बोलले नाही.

कळण्याची अर्धी भाकरी उरली होती,
ती लोणच्याच्या खाराशी दोघांत मोडली.
याचे बाबा अजून ड्युटीवर, मास्क लावून,
कुठल्या तरी सिग्नलला उभे.
वारा सुटला होता थोडा.
बरं वाटत होतं, खरंच.
सतराचा पाढा
सकाळी आहेच.