बर्फाची जाडी

जानेवारीअखेर सकाळी आठला अजून अंधारच असतो.
पिकअप किनाऱ्याला ठेवून मी चालत निघते,
गिरमिट खांद्यावर, पट्टी खिशात,
दर शंभर पावलांवर एक भोक.
एक्केचाळीस. त्रेचाळीस. प्रवाहाजवळ एकोणतीस.
वहीत लिहायचं, खाली सही: आयला केत्तुनेन.
सरोवरावरचा रस्ता उघडायचा की नाही
हे सात हिवाळे माझ्या सहीवर ठरतं,
मधला एक सोडून.
त्या हिवाळ्यात वेइयोनं बर्फ मोजला.
मला मोजत होते दुसरेच.

किरणांनी गाठ गेली.
गाठीबरोबर आणखी काय काय गेलं
त्याची पावती कुणी दिली नाही.
मी एकतीस वर्षांची.
दुकानात रांगेत उभी असताना मानेखाली चूल पेटते,
बाहेर उणे बावीस, आणि मी जॅकेट उघडून
दारात उभी. मुलं बघतात.
परवा 'फावडं' हा शब्दच आठवेना,
वेइयोला हातांनी करून दाखवलं.
यार्मो काही बोलत नाही. दिवा मालवतो,
पाठीवर हात ठेवतो,
आणि तिथंच ठेवतो.

योएन्सूच्या दवाखान्यात भिंतीवर आकडे बदलत राहतात.
माझी पाळी आली.
म्हणजे, नंबराची.

डॉक्टर रासानेन पडदा माझ्याकडे वळवते:
मणका इथं पातळ होतोय.
पातळ. हा शब्द मला कळतो.
मी विचारते, किती भार चालेल?
ती हसते, मग हसू आवरते.
पट्ट्या आहेत, आठवड्यातून दोन, कमरेखाली लावायच्या,
आणि रात्री एक गोळी, गर्भाशय अजून आहे म्हणून.
तुझी गाठ हार्मोनवर पोसणारी नव्हती, म्हणते.
शरीरानं पन्नाशीपर्यंत जे दिलंच असतं
तेवढंच परत देतोय.
मग हजारात किती, ते सांगते.
मी त्या हजारातले एक-दोघे बघत बसते,
हळूहळू त्यांना चेहरे येतात, मफलर येतात.

दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकते आहे.
औषधानं जगले, औषधानंच वाळले,
आता आणखी एकाला ये म्हणायचं?

मूल हवं होतं का, तेही ठरवायचं राहिलं होतं.
न ठरवलेलं गेलं तर त्याला काय म्हणतात?
हरवलं म्हणता येत नाही.

आईची पाळी अजून चालू आहे. एक्कावन्नाव्या वर्षी.
रविवारी तिच्याकडे टॉवेल शोधताना
धुण्याच्या पावडरीमागे पॅडचं पाकीट सापडलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
चोरीचा माल असावा तसं.
माझ्यापासून लपवलेलं.
मला राग आला. आईचा नाही,
त्या कागदाच्या इतक्या जपून घातलेल्या घडीचा.
होतं तसं ठेवलं, बाहेर आले,
कॉफी छान झालीय म्हटलं.

पट्ट्यांचा खोका तीन आठवडे पिकअपच्या कप्प्यात,
बर्फाच्या वहीखाली.
लोक फोन करून विचारतात, नक्की फुटणार नाही ना?
नक्की असं मी कधी म्हणत नाही.
मी म्हणते, तीन टनांपर्यंत. अंतर ठेवून.
पट्टा काढून बसा, थांबू नका.
आणि लोक जातात. किराणा आणतात,
पलीकडच्या बहिणीला भेटून येतात.

आज प्रवाहाजवळ बेचाळीस भरले.
अडसर बाजूला केला. टपालाची गाडी पहिली गेली,
खालून बर्फ गुरगुरला. तो गुरगुरतोच.
मग गाडीत बसून, काचा वाफेनं भरलेल्या,
चार थर वर सारून
उजव्या बाजूला लावलं ते,
पारदर्शक, नाण्याहून थोडं मोठं.
दहा सेकंद तळवा दाबून धरा, लिहिलं होतं.
मी वीस मोजले.

आईला फोन केला.
बराच वेळ पलीकडून नुसता श्वास.
मग म्हणाली,
सौनात निघून येईल का गं ते?