बरकत, दोन, तीन

फॉर्मात एक रकाना आहे: एकूण उद्धरणं.
दुसरा: एच-निर्देशांक.
तिसऱ्यात तीनशे शब्दांत लिहायचं,
माझ्या संशोधनाचा प्रभाव.
संस्थेला हे सोमवारी हवंय
आणि मी लातुरात, गंजगोलाईमागं, अब्बांच्या गच्चीवर,
लाइट गेलेली, लॅपटॉपला नऊ टक्के चार्ज.

अब्बा, चांदपाशा मुजावर, वय शहाऐंशी,
बेचाळीस वर्षं आडतीत मापाडी.
तुरीचं पहिलं माप ओतताना ‘एक’ कधी म्हणाले नाहीत.
आडत्यासमोर ‘लाभ’, घरी ‘बरकत’,
मग दोन, तीन.
एकानं सुरुवात केली की माल एकटा पडतो म्हणे.

‘ते एच म्हंजे काय?’
मी सांगते, समजा एकवीस पोती,
प्रत्येकात एकवीस पायल्या तरी भरल्याच पाहिजेत.
‘आन् बाविसावं?’
त्यात वीसच निघाल्या.
‘मग फेकून देतेत का?’
फेकत नाहीत, अब्बा. धरत नाहीत.

सगळ्यात जड पोतं तर माझं नाहीच.
अकराशे उद्धरणं, चौदा लेखक, मी नववी,
पहिल्या नावामागच्या ‘आणि इतर’मध्ये गेलेली.
चार हजार दीर्घिकांचा तक्ता.
लोक त्यातला चौथा स्तंभ तेवढा उचलतात.
तो मी भरला होता, तीन हिवाळे,
थंडीनं बोटांच्या कडा फाटेपर्यंत.
अब्बांना ‘इतर’ समजावून सांगावं लागत नाही.
पट्टीवर शेतकऱ्याचं नाव असायचं, आडत्याचं असायचं,
यांची तोलाई, पैशांत, शेवटच्या ओळीला.

आणि हे एक पोतं, दोन हजार तीनचं.
एका अंगाला कललेली दीर्घिका,
डावीकडं ताऱ्यांची दाटी, उजवीकडं विरळ.
मी लिहिलं: शेजारी कुणीही नाही,
ही आपल्या आपणच कलली.
छापील प्रत घेऊन घरी आले होते.
अब्बांनी चष्मा कपाळावर सारला,
चित्र डोळ्यांपाशी नेलं,
आमच्या घरच्या दखनीत विचारलं, ‘कौन दबाया?’
कुणीच नाही.
‘पारडं फुकट झुकत नसतं बेटा. अंगठा बघ.’
मी हसले. चांगलीच हसले.

एकोणीस वर्षं त्या लेखाकडं कुणी फिरकलं नाही.
(प्रकाश उशिरा पोचतो वगैरे मी इथं म्हणणार नाही.
कोट्यवधी वर्षं चालून आलेला प्रकाश
मला वेळेवर मिळत गेला.
वाट बघायला लावली ती माणसांनी.)

मग एक उद्धरण आलं.
चिलीतली कुणी मुलगी, पहिलाच शोधनिबंध,
मोठी दुर्बीण, सहा रात्री एकाच कोपऱ्याकडं लावलेली,
आणि कडेला, सुपातल्या भुशासारखी फिकट,
एक बुटकी दीर्घिका.
‘मुजावर यांच्या निष्कर्षाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही.’

अंगठा.

खोडलं की उचललं, यंत्राला फरक नाही.
यंत्र मोजतं: एक.
माझ्या एकूण बेरजेत तो एक आहे,
फॉर्मात तोही जाईल, प्रभाव म्हणून.

तीन वर्षं अब्बांना सांगितलं नव्हतं.
आज सांगितलं, अंधार होता म्हणून जमलं.
‘मी म्हणलो नव्हतो का’ असं ते म्हणाले नाहीत.
खाटेवर उठून बसले, पायानं चप्पल चाचपली, आणि मग,
‘त्या पोरीचं किती जणांनी उचललं?’
मोबाइलवर बघितलं.
कुणीच नाही. शून्य.
‘मग तू उचल की.’

चार टक्के.
फॉर्म मिटला. अर्धवट पडलेला माझा लेख उघडला,
संदर्भयादीच्या तळाशी तिचं आडनाव टाइप केलं,
दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा नीट आलं.
झालं, अब्बा.

खाटेवरून हलकेच आलं, ‘बरकत.’
आणि पुढचं माप भरून येईपर्यंत
मापाडी जसा हात रोखून धरतो
तसे ते गप्प राहिले.