खालची ओळ

चेल्टनहॅमच्या हाय स्ट्रीटवर, केकवाल्याच्या शेजारी
माझं चष्म्याचं दुकान.
नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लावावे लागतात.
मिसेस ऑड्री पेनफोल्ड साडेतीनला आल्या,
वय ब्याऐंशी, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात,
काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली तसबीर.

"तू बॉम्बेची ना?"
मी चिपळूणची. पण अकरा वर्षांत
हा खुलासा करणं सोडून दिलंय.

त्यांचे पणजोबा सर लायनेल
तिकडे गव्हर्नर होते. हंगामी.
एक लाटसाहेब तापाने फणफणून मायदेशी निघाला,
दुसऱ्याची बोट अजून एडनला.
त्या फटीत सात महिने.
बाकीच्यांची तैलचित्रं लागली जिन्यात,
कुणाचं नाव धरणाला, कुणाचं इस्पितळाला,
एकाने ऐन दुष्काळात दरबार भरवला, त्याचं पुलाला.
सर लायनेलच्या वाट्याला महाबळेश्वरचा एक पॉइंट आला,
तिथून धुक्याशिवाय काही दिसत नाही.

"पण निरोप दिला तो त्यांनाच," बाई म्हणाल्या,
"बघ, मानपत्र.
ऐंशी वर्षं आमच्या शेकोटीवर होतं."
मागे पुठ्ठ्यावर साहेबाच्या हातचं, फिकट शाईत:
'कृतज्ञ प्रजेकडून'.

मी काच पुसली. आत मोडी.
हात न उचलता, एका दमात लिहिलेली.
खोतीच्या दाव्यासाठी वडिलांनी मला
आठवीच्या सुट्टीत मोडी शिकायला बसवलं होतं.
दावा हरलो. लिपी राहिली.

आधी मराठीतच वाचलं, मोठ्याने, अडखळत.
बाई डोळे मिटून ऐकत होत्या.
"किती गोड," म्हणाल्या, "प्रार्थनेसारखं."

विज्ञापना ऐसीजे,
सेवक सुभान्या बिन रखमाजी, पंखेवाला,
गणेशखिंडीच्या बंगल्यात रात्रीचा पंखा ओढीत आला.
डोळा लागला म्हणून दंड झाला तो कबूल.
दरमहा रुपये सहा, पैकी तीन महिन्यांचे पोहोचले नाहीत.
बटलर म्हणतो कारकुनाला विचार,
कारकून म्हणतो साहेबाला.
साहेब बोटीवर चढण्याआधी हुकूम व्हावा.

आता हे इंग्रजीत सांगायचं होतं.
चार शब्द इकडचे तिकडे केले असते तर
तसबीर परत शेकोटीवर गेली असती,
आणि आमचं काय जात होतं?
पण दिवसभर मी लोकांना सांगत असते
की दिसतं तेच वाचा, अंदाजाने नको.

सांगितलं.

बराच वेळ शेजारच्या भट्टीचा वास नुसता येत राहिला.
मग त्यांनी हिशोब विचारला.
अठरा रुपये. तेव्हाच्या भावाने
एक पौंड चार शिलिंग.
"म्हणजे मी लहानपणी नाताळात
एका पगाराच्या तगाद्याखाली मोजे टांगायची."
हसायला गेल्या, जमलं नाही.
पर्स उघडली, उगाच, परत मिटली.
देणार कुणाला?

"आणि हे खाली? ही वेलबुट्टी?
मला वाटायचं, कागद शोभावा म्हणून काढली असेल."

सगळ्यात खालची ओळ. नवी भिंगं चाचणीच्या फ्रेममध्ये घालून
मी त्यांना दिव्याखाली बसवलं.
बुट्टी नाही, सही.
लिहिता न येणारा कुणबी नांगर काढायचा,
सुतार पटाशी.
याने दोरी काढली आहे.
वळसे मोजा, पीळसुद्धा घातलाय,
आणि टोकाला गाठ, जिथे तो पायाचा अंगठा अडकवत असेल
पहाटेपहाटे, हात भरून आल्यावर.

बाईंनी वळसे मोजले. सात.
पुन्हा मोजले.
"स्पष्ट दिसतंय," म्हणाल्या, जरा चिडूनच.

तसबीर नेली त्यांनी. अभ्रा काउंटरवर राहिला.
कुठे लावणार ते मी विचारलं नाही.
चष्मा गुरुवारी तयार होईल एवढंच सांगितलं,
आणि नव्या नंबराची सवय व्हायला
पंधरा दिवस लागतात,
पायऱ्या उतरताना जपून.